ताईची तिसरी किडनी

नळकाम मला कुणी शिकवलं नाही. बघून बघून शिकलो, आणि आता पाइपाकडे नुसती नजर टाकून सांगतो, कुठली लाइन चालू आणि कुठली मेलेली! म्हणून ताईने मॉडेल बनवायला मलाच धरलं. कॉलेजात प्राचार्या मॅडमसमोर तिला एक तास घेऊन दाखवायचा होता. जमला तर नोकरी, नाहीतर पुन्हा घरी शिकवण्या.

विषय होता, पोटातल्या बाळाला किडनी कशी येते. एकदा नाही, तीनदा येते म्हणे! पहिली येते, काही न करता विरते. तिच्याखाली दुसरी येते, काही काळ काम करते आणि बरीचशी विरते. मग तिसरी, ती जन्मभराची. म्हणजे निसर्गही माझ्यासारखाच, दोन भिंती फोडल्याशिवाय त्यालाही जमत नाही!

प्लायवूडवर मी मातीच्या किडन्या चिकटवल्या, शेजारून वरपासून खालपर्यंत एक नळी सोडली. नळीच्या खालच्या टोकापाशी, ताईच्या हट्टापायी, छोटा फुगा बसवला. वरून पिचकारीने निळं पाणी सोडलं की तो फुगणार. कशासाठी, ते ताई सांगतच होती, पण मला गिऱ्हाइकाचा फोन आला.

तासाच्या दिवशी ताई मॅडमना आणायला गेली आणि मी बोर्ड शेवटचा तपासला. दुसरी किडनी विरणार, मग तिची नळी कशाला? मेलेली लाइन ठेवायची नाही, हा आपला नियम. पकडीने मधला तुकडा उडवला, वरच्या नळीचं उघडं तोंड बुचाने बंद केलं. कसं सुटसुटीत दिसायला लागलं!

ताईने पिचकारी दाबली. फुगा ढिम्म. तिने आणखी जोर लावला, बूच उडालं आणि निळी धार थेट मॅडमच्या चष्म्यावर!

ताईने माझ्याकडे असं पाहिलं, की लोखंडी पाइप वाकला असता. पण ती थांबली नाही. वर्गाकडे वळून ठणकावून म्हणाली, “बघितलंत? जुन्या नळीला खाली अंकुर फुटतो, हा फुगा म्हणजे तोच, म्हणून तिसरी किडनी होते. नळी तोडली तर अंकुर नाही. अंकुर नाही तर किडनी नाही.”

मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, “आणि तोडली कुणी?”

“माझ्या भावाने. प्लंबर आहे. मुद्दाम तोडून घेतली.”

हा तास मुलं जन्मात विसरणार नाहीत, असं म्हणून मॅडमनी ताईला सोमवारपासून यायला सांगितलं. फुगा नाही फुगला, पण माझी छाती फुगली.

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, किडनी तयार झाल्यावर ती जुनी नळी जाते का?

“मुलींची बहुतेक जाते,” ताई म्हणाली. “मुलांची राहते. पुढे बाप व्हायला तीच लागते.”

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी पक्कड हळूच पाठीमागे नेली.