दिगंबरराव अर्जनवीसांचा जळका पंखा

दिगंबरराव माणसांना 'अबे' म्हणत आणि यंत्रांना 'हुजूर'.

केजच्या तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली सतरंजी टाकून ते लोकांचे अर्ज लिहून देत. निजामाचं राज्य, कारभार सगळा उर्दूत. कुणाचा बांध कोरला गेला असो की बैल चोरीला गेला असो, दिगंबरराव त्या माणसाचं गाऱ्हाणं 'हुजूर, गरीबपरवर' अशा मखरात बसवून द्यायचे. मी गणिताचा मास्तर. बदली होऊन त्यांच्या समोरच्या घरात राहायला आलो, तेव्हा ओसरीवर बसलेल्या दिगंबररावांना शेजारधर्म म्हणून नमस्कार केला.

"अबे मास्तर, उनात कशाला उभा ऱ्हायलास? सावली सरकारजमा झाली का काय?"

मला राग आला. तेवढ्यात ते भिंतीवरच्या घड्याळाकडं वळून अदबीनं म्हणाले, "हुजूर, पाच मिनटं मागं चाललात. तब्येत बरी हाय ना आपली?" माझा राग कुठल्या कुठं गेला.

पुढं ओळख वाढल्यावर मी कारण विचारलं. म्हणाले, "माणसाला लई अदब दिली की ते अर्ज घिऊन मागं लागतं. यंत्र लागत न्हाई."

त्यांच्या घरात ते एकटेच. बायको आदल्या वर्षी तापानं गेलेली, लेक नांदेडकडं दिलेली. सकाळी चूल पेटवायची, दुपारपर्यंत कचेरी, मग घरी येऊन काहीतरी उघडायचं आणि पुन्हा जोडायचं.

त्या उन्हाळ्यात ते हैदराबादला गेले आणि येताना जुन्या बाजारातून टेबलावरचा एक छोटा पंखा घेऊन आले. आमच्या गल्लीतल्या चार घरांत कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या इंजिनावरून विजेच्या तारा आल्या होत्या. दिवसा इंजिन धडधडायचं तेवढा वेळ वीज. मी पंखा निरखून पाहिला. आतलं तारेचं वाइंडिंग काळंठिक्कर पडलं होतं.

"दिगंबरराव, हा जळलेला आहे."

"मग? चालता पंखा कुणी बी आणंल."

त्यांनी ओसरीवर मांड ठोकली. जळकी तार कापून काढली. लाकडाचा साचा तासला आणि त्यावर नवी तांब्याची तार गुंडाळायला घेतली. एका गुंडाळीला वेढे किती, ते त्यांनी जुन्या तारेवरून मोजून ठेवलं होतं. एक वेढा चुकला तरी पंखा रुसेल, अशी त्यांची समजूत. मोठ्यांदा मोजत बसायचे. "दोनशे अकरा... दोनशे बारा..." ओसरी रस्त्याला लागून. येणारा-जाणारा विचारायचा, "काय चाललंय, अर्जनवीस?" की झालं! आकडा विसरायचा. मग त्या माणसाचा उद्धार करून तार उलगडायची आणि पुन्हा एकपासून. मला तर त्यांनी एका आठवड्यात सहा वेळा उद्धारलं.

वाइंडिंग झालं, पण पंखा नुसता गुणगुणायचा. पात्याला बोटानं धक्का दिला की फिरायचा. दिगंबररावांनी निदान केलं, "हुजुरांचा कंडेन्सर गेलाय." कंडेन्सर म्हणजे पंख्याला सुरुवातीचा रेटा देणारी पत्र्याची डबी. केजमध्ये ती कुठून मिळणार? त्यांनी डबी फोडून पाहिली. आत चांदीचा कागद आणि मेणकागद एकावर एक गुंडाळलेले.

"ह्यात काय! आमी घरी बनवू."

मग गावात चांदीच्या कागदाची वसुली सुरू झाली. चहाच्या खोक्यांतला कागद वाण्याकडून आला. कचेरीतले नायब तहसीलदार साहेब सिगरेट ओढायचे, त्यांना दिगंबरराव भर कचेरीत म्हणाले, "अबे साहेब, जरा जास्त वढा की. माझं काम आडलंय." साहेब आधी लाल झाले, मग हसत सुटले आणि रिकामी पाकिटं जपून ठेवू लागले.

पहिला कंडेन्सर फाट्‌कन उडाला. ओसरीवर मेणाचा धूर झाला, शेजारची कोंबडी दोन दिवस अंड्याला बसली नाही. दिगंबररावांनी जळक्या मिशीला हात लावून पंख्याची माफी मागितली आणि दुसरा करायला घेतला. कागद दुप्पट, मेण तिप्पट.

शेवटी एका दुपारी अख्खी गल्ली ओसरीवर जमली. नायब साहेबसुद्धा आले. दिगंबररावांनी बटण दाबलं. पंखा बोट न लावता फिरला, असा फिरला की साहेबांच्या हातातला अर्ज उडून गटारात गेला. बायकांनी पदर सावरले. कुणी गूळ आणला. सगळे आळीपाळीनं पंख्यासमोर बसले, आणि दिगंबरराव बाजूला उभे राहून एकेकाला "अबे, सरक, दुसऱ्याला वारं लागू दे" म्हणत राहिले. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर चार दिवस त्यांच्या ओसरीवर कुणी फिरकलं नाही. मीही नाही. परीक्षेचे पेपर तपासायचे होते.

पाचव्या दिवशी सकाळच्या शाळेला निघालो, तर दिगंबरराव ओसरीवर पंखा उघडून बसलेले. हातात कात्री. नवी कोरी तार ते कचाकच कापत होते.

"अहो, हे काय करताय? इतका छान फिरत होता!"

त्यांनी वर पाहिलं नाही. या खेपेला 'अबे'सुद्धा म्हणाले नाहीत.

"फिरला की. लई झ्याक फिरला. मग समदे आपापल्या घरी गेले."

कात्री थांबली होती. तारेचे तुकडे त्यांच्या धोतरावर पडले होते. समोर तांब्याचं नवं रीळ तसंच पडलेलं.

मी चपला काढल्या, ओसरीवर चढलो आणि रीळ हातात धरून त्यांच्यासमोर बसलो. शाळेची घंटा झालेली मला ऐकू आली. मी उठलो नाही.