खोलातला बेडका

वाडीत आपल्या शब्दाबाहेर कोणी नाही, असं सरिताला मनापासून वाटायचं. आशाताई म्हणून तिनं खाष्ट सासवांनाही गोडीगुलाबीनं राजी करून पोटुश्या सुना दवाखान्यात नेल्या होत्या. दाद देत नव्हता तो एकटा जळबाआबा.

आबाचा खोकला पंधरवडा उलटला तरी हटत नव्हता. सदरा अंगावर लोंबायला लागला होता आणि लहानगी नात त्याच्याच कुशीत झोपायची. सरिताला खरी धास्ती त्या लेकराची. पण तपासणीचं नाव काढलं की आबा म्हणायचा, खोकला माझा, सरकारला काय तकलीफ?

अखेर त्याची बायको भागूबाई हट्टाला पेटली आणि आबा कसाबसा कबूल झाला. आता छातीतला कफ डबीत घेऊन दवाखान्यात पोचवला की काम झालं. वाडीत कफाला खाकरा म्हणतात. सरिता मात्र प्रशिक्षणात 'बेडका' हा शब्द शिकून आली होती आणि शिकलेला शब्द वापरायची तिला भारी हौस!

"आबा, उद्या बेडका तपासायचा," तिनं डबी देत सांगितलं. "सकाळचा पहिला पाहिजे. उपाशीपोटी. वरवरचा चालत न्हाई, पार खोलातला काढा."

"मोठा लागते का?"

"डबीत मावंल तेवढा बस."

आबाला हे पटलं. मागं कोणीतरी येऊन विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं होतं. पाणी तपासणारे त्यातला बेडूक काहून सोडतील?

सकाळी आबा विहिरीत उतरला. वरच्या पायऱ्यांवर दोन-तीन बेडूक बसले होते, पण ते वरवरचे. ते सोडून तो खोकत खोकत पार तळाशी गेला. बेडूक उपाशी राहावा म्हणून भागूबाई काठावरून माश्या हाकलत होती. जीव गुदमरू नये म्हणून तिनं झाकणाला दाभणानं भोकं पाडली, डबी फडक्यात बांधली आणि सरिताच्या हाती दिली. आबानं ऐकलं, याच आनंदात सरितानं फडकं सोडूनही पाहिलं नाही.

दवाखान्यात कफ तपासणाऱ्या हरिचंदनं झाकणाकडे पाहून विचारलं, ही भोकं कशाची? भागूबाईचं काम फार जपून असतं, असं सरितानं कौतुकानं सांगितलं. हरिचंदनं झाकण उघडलं. बेडूक त्याच्या छातीवर, तिथून टेबलावर आणि हरिचंद स्टुलावर! रांगेतली माणसं बाहेर पळाली. आत साप निघाल्याची बातमी अंगणात पसरली आणि कोणीतरी सर्पमित्राला फोनसुद्धा लावला. डॉक्टर बाहेर आले तेव्हा रांगेत एकही आजारी माणूस उरला नव्हता.

सरिता शरमेनं अर्धी होऊन दुसरी डबी घेऊन परतली. आबा आधी फुगून बसला. तुम्हीच खोलातला मागितला, आता नावं ठेवता, म्हणाला. आता हा पुन्हा कबूल व्हायचा नाही, असं सरिताला वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं स्टुलावर चढलेला हरिचंद हातवारे करून दाखवला. आबा खुदकन हसला. मग हसतच सुटला, हसता हसता त्याला ढास लागली आणि छातीच्या तळातून जे हवं होतं ते वर आलं. सरितानं चपळाईनं डबी पुढं धरली.

काही दिवसांनी निकाल आला. क्षय निघाला होता. सरितानं ओट्यावर बसून सगळं समजावलं. औषध फुकट आहे, रोज न चुकता घेतलं तर माणूस ठणठणीत होतो, आणि नातीचीही तपासणी करावी लागेल. भागूबाईनं पदर तोंडाला लावला. आबानं अंगणात खेळणाऱ्या नातीकडं बघितलं.

"सरिता, खरं सांग," तो हळूच म्हणाला. "ह्यो रोग माह्यात निघाला का त्या बेडकात?"

"तुमच्यातच, आबा."

"मंग दे गोळ्या. अन् पोरीला आधी तपास. पण तिच्यापुढं बेडका म्हणू नको, बाई. ती खरंच विहिरीत उतरंल."