गिटारीचा लिलाव आणि दुपारची झोप

भाव काढायच्या बाबतीत खंडेराव कोणाचं ऐकायचे नाहीत. लासलगावच्या बाजारात एका व्यापाऱ्याच्या वतीने खरेदीला उभं राहण्यात त्यांचा जन्म गेला होता. ट्रॉलीतल्या कांद्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातला एक कांदा काढायचा, मुठीनं फोडायचा, वास घ्यायचा आणि बोली लावायची. बोली लावताना ते डोळे मिटून घेत. उघड्या डोळ्यांना माल चांगलाच दिसतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

ही सवय इतकी अंगात मुरली की लग्नाला गेले तर नवरीच्या शालूचा भाव, दवाखान्यात गेले तर डॉक्टरच्या खुर्चीचा भाव. एकदा तर देवळात घंटा वाजवून त्यांनी पितळेचा अंदाज सांगितला. त्यांची बायको सगुणाबाई म्हणाली, "देवाला तरी सोडा."

सगुणाबाईला जाऊन वर्ष होत आलं होतं. म्हसरूळच्या रो-हाऊसमध्ये खंडेराव आता एकटेच. जेवत होते, फिरायला जात होते, भाजी आणत होते. बिघडलं ते एकच. त्यांची दुपारची झोप गेली.

झोप गेली म्हणजे स्वप्नासकट गेली. निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी त्यांना तेच स्वप्न पडायचं. ते कांदा साठवायच्या चाळीत आडवे झालेत. फटींतून उन्हाचे पट्टे आत आलेत. बाहेर वारा सुटलाय, आणि कांद्याचे पापुद्रे सुटून वर तरंगतायत. गुलाबी, पातळ. एकमेकांना लागले की बारीक वाजतात. चाळीच्या पलीकडे सगुणाबाई असते. ती दिसत नाही, पण आहे हे माहीत असतं. पापुद्रे असे वाजत नसतात, हे खंडेरावांना झोपेतही कळायचं. पण इतक्या चांगल्या मालाला नाव कशाला ठेवा?

ती गेल्यावर स्वप्न एक-दोनदा आलं. पापुद्रे तरंगले, पण वाजले नाहीत. त्या शांततेनंच त्यांना जाग आली. डॉक्टरांनी गोळी दिली. गोळीनं झोप आली, पण ती निराळी झोप होती. दगडासारखी. खंडेरावांनी गोळ्या बंद केल्या. माल तो नव्हता.

अशात एक दिवस गोधड्यांना ऊन दाखवायला म्हणून त्यांनी दिवाण उघडला, तर खाली काळ्या पिशवीत एक लाल गिटार. त्यांना आठवलं. वरच्या खोलीत नवनाथ नावाचा भाडेकरू होता, तो ती विजेला जोडून बडवायचा. खंडेराव निवृत्त झाले त्याच सुमारास बंगळुरूला नोकरी लागली तसा निघून गेला. खंडेरावांनी त्याला फोन लावला.

"काका, ती मी मावशींना देऊन गेलो होतो," नवनाथ म्हणाला.

"सांभाळायला?"

"नाही हो. देऊनच टाकली."

"तिला काय करायची होती?"

"तसं बोलणं झालं नाही आमचं," नवनाथ म्हणाला आणि फोन ठेवला.

खंडेरावांनी ठरवलं, विकायची. उगाच जागा अडवून बसली होती. आता भाव किती? इतकी साधी गोष्ट दुसऱ्याला विचारायची त्यांना लाज वाटली. त्यांनी गिटार भाजीच्या काट्याला लावली. साडेतीन किलो भरली. त्या दिवसाच्या कांद्याच्या भावानं हिशोब केला, तर चहासुद्धा सुटेना. मग त्यांनी पोटावर टकटक केलं. आतून भरीव. कांदा भरीव असला तर उत्तम, पण वाद्य पोकळ असतं असं त्यांनी ऐकलं होतं. तारेला बोट लावलं, तर डास गुणगुणावा तेवढा आवाज. म्हणजे माल बसका.

तळातला कांदा फोडल्याशिवाय खात्री होत नाही. त्यांनी गिटार पालथी घातली, स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि मागचं झाकण काढलं. आत स्प्रिंगा! सायकलच्या सीटखाली असतात तशा, ओळीनं. त्या ज्या दोन लांब स्क्रूंना धरून होत्या, ते स्क्रू त्यांनी सहज म्हणून पिळले. भरपूर पिळले. काहीतरी कुरकुरलं. पुढून बघतात तर तारा उन्हाळ्यातल्या काकडीच्या वेलासारख्या लोंबत होत्या.

त्यांनी झाकण लावून टाकलं. झाकण लावलं की माल पुन्हा अखंड दिसतो.

शेजारची उज्वला बँकेत नोकरीला होती आणि सगुणाबाईची लाडकी. तिच्या मोबाईलवरून जाहिरात टाकायचं ठरलं.

"विकायची?" उज्वलानं विचारलं. "नक्की, काका?"

"घरात ठेवून करायचं काय?"

उज्वला काही बोलणार होती. मग म्हणाली, "किंमत किती लिहू?"

"किंमत लिहायची नाय. भाव फुटतो तो लिलावात. लिही, रविवारी दुपारी दोन वाजता जाहीर लिलाव. माल जागेवर पाहावा."

"गिटारीचा लिलाव कोणी करत नाही, काका."

"म्हणूनच लोकं फसतात."

लिलाव म्हटला की पुकारणारा हवा. खंडेरावांनी लासलगावहून सहादूला बोलावून घेतलं. सहादूनं बाजारात उभी हयात लिलाव पुकारला होता आणि आता घरी बसून सुनेच्या स्वयंपाकावर आवाज चढवत होता. रविवारी तो इस्त्रीचं धोतर नेसून, पिकअप घेऊन हजर झाला.

"पिकअप कशाला?" खंडेराव म्हणाले.

"तू म्हनला माल हाय. मला काय ठाव एकच नग हाय?"

गिऱ्हाईक दोन आली. एक महेश, त्याचा लग्नात वाजवणारा ऑर्केस्ट्रा होता. दुसरा गौरांग, कॉलेज रोडला गिटार शिकवणारा, बारीक आवाजाचा पोरगा. उज्वला चहा घेऊन आली ती दारातच उभी राहिली.

गौरांगनं गिटार मांडीवर घेतली आणि तारा बघून त्याचा चेहरा पडला. "हिला कोणी खोललं का?"

"माल तपासला," खंडेराव म्हणाले.

गौरांगनं झाकण काढलं, बघितलं, आणि दवाखान्यातल्या माणसानं नातेवाइकांकडे बघावं तसं खंडेरावांकडे बघितलं. "दुरुस्त होईल. द्या तो स्क्रू-ड्रायव्हर."

तो खाटेच्या कडेला बसून स्क्रू आवळू लागला. महेशनं विचारलं, "रास्त किंमत काय रे हिची?"

"नवी वीसच्या आसपास. ही वापरलेली, वर काकांनी तपासलेली. आठ-नऊ हजार."

"असं उघड सांगायचं नसतं, पोरा," सहादू कळवळून म्हणाला. "चला. लिलाव सुरू. लाल गिटार, एक नग, जाग्यावर. बोला."

"चार हजार," महेश म्हणाला.

"पाच," गौरांग खाली मानेनंच म्हणाला. तारा हळूहळू ताठ होत होत्या. तो एकेक छेडून कान लावत होता. मग थांबला. "गंमत आहे. बाकी पट्टीवर किरकोळ खुणा, आणि या चारच जागा खोल झिजल्यात. कोणीतरी हे चारच सूर वाजवलेत. रोज."

त्यानं ते चार सूर वाजवले. विजेला न जोडता, तसेच. बारीक, कोरडे, एकामागून एक. पुन्हा वाजवले.

खंडेराव खुर्चीत बसले होते. दुपार होती. पंख्याचा वारा होता. त्यांना वाटलं, आपण फक्त डोळे मिटतोय.

चाळीत ऊन पट्ट्यापट्ट्यांनी आलं. एक पापुद्रा सुटला. वर गेला, दुसऱ्याला लागला आणि वाजला. मग सगळेच सुटले. चाळभर गुलाबी झालं, आणि ते बारीक वाजणं पार आढ्यापर्यंत गेलं. पलीकडे सगुणाबाई होती. पण चाळीच्या तोंडाशी कुणाची तरी ट्रॉली उभी होती आणि माणसं पापुद्रे भरून न्यायला निघाली होती. कुठूनतरी सहादूचा आवाज आला. "सहा हजार. सहा. आनखी कोनी?"

"सात," खंडेराव म्हणाले.

खोलीत सगळ्यांनी वळून पाहिलं. खंडेरावांची मान छातीवर होती. तोंड थोडं उघडं होतं.

"काका झोपलेत," महेश म्हणाला.

"तो जन्मभर डोळे मिटूनच बोली लावतो," सहादू म्हणाला. "सात हजार आले. बोला."

"अहो, पण वस्तू त्यांचीच आहे."

"मी पुकारनारा हाय. बोली आली की घ्यायची. कुनाची, ते नाय बघायचं."

गौरांगनं हात थांबवला. खंडेराव खुर्चीत चुळबुळले, कपाळाला आठी पडली. दारातून उज्वला घाईनं म्हणाली, "थांबू नका. वाजवत राहा. वर्षात पहिल्यांदा दुपारचे असे झोपलेत ते."

गौरांग वाजवत राहिला. आठी गेली.

"आठ," महेश म्हणाला.

"दहा," खंडेराव घोरण्याच्या मधल्या जागेतून म्हणाले.

आता महेशला वेगळंच वाटू लागलं. झोपेत सुद्धा म्हातारा वर चढतोय, म्हणजे वस्तूत काहीतरी आहे. आपल्याला कळत नाही इतकंच. तो चढला. गौरांगनं वाजवता वाजवता मान हलवून आपलं नाव काढून घेतलं. बारा. चौदा. महेश घामाघूम झाला. त्यानं बाहेर जाऊन बायकोला फोन केला, परत आला आणि म्हणाला, "अठरा. शेवटचे."

"अठरा हजार," सहादूचा आवाज जुन्या दिवसांसारखा लागला होता. "अठरा एकवार. अठरा दोनवार."

चाळीतून शेवटचे पापुद्रे निघाले होते. खंडेराव धावले. त्यांच्या खिशात काही नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"बावीस," ते म्हणाले. आणि मग अगदी हळू, "हिला नेऊ नका."

महेशनं रुमालानं तोंड पुसलं, चपला घातल्या आणि निघून गेला. सहादूनं नियमाप्रमाणे तीनवार म्हटलं, पण पुटपुटत, माणूस जागा होऊ नये म्हणून.

खंडेराव उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. गौरांग बोटं चोळत बसला होता. सहादू तिसरा चहा पीत होता.

"कितीला गेली?" खंडेरावांनी विचारलं.

"बावीस हजार."

खंडेराव ताठ झाले. "बघ! म्हनलं नव्हतं? कोनी घेतली?"

"तूच."

सहादूनं सगळं सांगितलं. खंडेरावांनी गिटारीकडे बघितलं. "आपल्याच मालावर बोली लावता येत नाय," ते म्हणाले. "लिलाव रद्द."

"रद्द कर. पन भाव फुटला तो फुटला. आता कोनी नऊला मागितली तर देशील?"

खंडेराव उज्वलाकडे वळले. "तो पोरगा वाजवत होता ते मी रोज ऐकायचो. झोपेत. कसं काय?"

उज्वलानं कपबशा खाली ठेवल्या. "काकू वाजवायच्या. तुम्ही झोपलात की. नवनाथनं जाताना चार सूर शिकवले होते, तेवढेच यायचे. वीज जोडली नाही की तुम्हाला जाग येत नाही, म्हणायच्या. मला खिडकीतून ऐकू यायचं."

"मला का नाय सांगितलं तिनं?"

"नवनाथला आणि मला शपथ घातली होती." उज्वला जरा हसली. डोळे मात्र हसत नव्हते. "म्हणायच्या, यांना कळलं तर हे आधी हिचा भाव विचारतील."

सहादू मोठ्यानं हसायला गेला आणि मध्येच थांबला. खंडेरावांनी गिटार उचलली, मांडीवर घेतली. गौरांगनं त्यांचं बोट धरून त्या झिजलेल्या जागांवर एकेक करून ठेवलं. चार जागा. तिच्या बोटांनी केलेल्या.

"रविवारी येत जाईन, काका," गौरांग म्हणाला. "शिकवतो."

"फी कि..." खंडेराव म्हणाले आणि गप्प बसले.

आता ते रोज दुपारी जेवण झालं की खाटेवर उशीला टेकून गिटार पोटावर घेतात. गौरांग म्हणतो, हात बरा आहे. अडचण एकच आहे. पहिला सूर निघतो. दुसरा निघतो. तिसऱ्याला चाळीत ऊन येतं, पापुद्रा सुटतो, आणि खंडेराव घोरू लागतात.

चौथा सूर काही त्यांच्या हातून अजून निघालेला नाही. पण झोपेत तो ऐकू येतो, असं ते सांगतात. पलीकडून.