तीन मशीन, किमान

भालेराव सर एसटीत चढण्याआधी कंडक्टरला विचारायचे, "स्टेपनी हाय का? हवा भरलेली?" कंडक्टर वैतागायचा. सर खालीच उभे. उत्तर नाही मिळालं तर बस सोडून द्यायचे. किमान जेवढं लागतं तेवढं नसेल तर कामाला हातच लावू नये, हा त्यांचा धर्म. रविवारी चर्चला जायचे, तो वेगळा.

आमच्या ट्रस्टचे तीन दवाखाने: नेवासा, तिसगाव, कोपरगाव. सर कॉम्प्युटर सांभाळायचे, मी आवक-जावक. पेशंट कुठल्याही दवाखान्यात गेला तरी त्याची जुनी नोंद तिथं दिसावी, असं विश्वस्तांच्या मनात आलं. सरांनी मागणी लिहून दिली. तीन दवाखान्यांत तीन मशीन, प्रत्येकात किमान सोळा जीबी मेमरी.

"एकच माहिती तिघांकडं ठेवायची. एक मेलं तरी दोघं सांगत्यात," ते मला समजावायचे. "आन् सोळा म्हंजे सोळा. पंधरा न्हाई."

आलं एकच मशीन. आठ जीबीचं.

"सर, एकातच तीन करा की," आमचे मुख्य विश्वस्त अण्णा म्हणाले. "तुमी लई हुशार."

"अण्णा, एका खाटंवर तीन पेशंट झोपवले म्हंजे तीन खाटा व्हत्यात का?"

"आपल्याकडं झोपवतोच की!" अण्णा म्हणाले. सगळे हसले. मीही.

हे चालणार नाही, अशी सरांनी पाच पत्रं दिली. पाचही पत्रांवर मी पोचेचा शिक्का मारला. शेवटी अण्णांच्या हुकमावरून सरांनी त्या एकाच मशीनमध्ये तिन्ही दवाखान्यांच्या प्रती बसवल्या. बॅकअपसाठी एक डिस्क आली, ती अण्णांच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग ठेवायला गेली. मशीन सारखं गुदमरायचं. सर त्याच्याशेजारी स्टुलावर बसून राहायचे, आजाऱ्याजवळ बसावं तसे. एका दुपारी त्याची हार्ड डिस्क गेली. तिन्ही प्रती तिच्यावरच होत्या. तिन्ही गेल्या.

सभेत अण्णांनी विचारलं, "लेखी कळवलं हुतं का?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. आवकचं रजिस्टर माझ्या मांडीवर होतं.

"बघावं लागेल," मी म्हणालो.

सरांना काढलं. मी अजून तिथंच आहे.

काही महिन्यांनी कळलं, सर बाजाराच्या दिवशी तिसगावात एका मेडिकलच्या ओट्यावर बसतात. गेलो. एका म्हातारीनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून जुन्या चिठ्ठ्या काढल्या होत्या. सर त्या वाचून एका पुठ्ठ्याच्या कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहीत होते: पेनिसिलीन चालत नाही.

"घरचा फोन सांगा, आजी. काय झालं तर कळवाया."

"घरी कोन हाय, बाबा?"

सरांनी तिथं स्वतःचा नंबर लिहिला. शेजारच्या गठ्ठ्यात बघितलं, तर कितीतरी कार्डांवर तोच नंबर.

म्हातारी गेल्यावर मी विचारलं, "सर, तुमचं कार्ड?"

त्यांनी खिशातून काढून दाखवलं. नाव, रक्तगट, बीपीची गोळी. खाली फोनची जागा कोरी.

मला माफी मागायची होती. तेवढ्यात त्यांनी नवीन कार्ड पुढं ओढलं.

"तुमचा रक्तगट?"

"ओ पॉझिटिव्ह."

त्यांनी लिहून घेतलं.

"आन् कुठली गोळी सोसत न्हाई? नीट आठवून सांगा," ते म्हणाले. "घाई न्हाई मला."