पन्नास घरांतलं बदक

आमच्या शेजारचे मुश्ताकभाई लग्नाला निघाले की त्यांच्या काखेत एक कापडी पिशवी असते, आणि पिशवीत वायरीसकट डीव्हीडी प्लेयर. आहेर म्हणून ते डिस्क देतात. कुठला तरी परमुलखातला पिक्चर, खाली मराठी अक्षरं. आता हल्लीच्या नवरा-नवरीकडं ती लावायचं यंत्र कुठून असणार? म्हणून प्लेयर सोबत. "बघून झाल्यावर निरोप द्या, मी येऊन घेऊन जातो," असं ते स्टेजवर नवरदेवाच्या कानात सांगतात. मागं आहेरवाल्यांची लाइन ताटकळलेली. एकदा एका नवरदेवाला वाटलं, प्लेयरसुद्धा आहेरातच हाय. त्यानं तो धरला तो सोडीचना. त्या लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो हाय, त्यात दोघं दोन बाजूंनी प्लेयर ओढतायत आणि नवरी तोंडाला पदर लावून हसतीय.

उस्मानपुऱ्यात आमची आणि त्यांची भिंत एकच. शहागंजला त्यांची व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती, तिथून माझ्या पोरांनी किती कॅसेटी आणल्या आणि किती वेळेवर परत केल्या नाहीत, ते जाऊ द्या. कॅसेटी गेल्या, डिस्क आल्या. डिस्कही गेल्या, मोबाइल आले. शहागंजात सगळ्यांनी मोबाइलची कव्हरं विकायला घेतली. मुश्ताकभाईंनी दुकान भाड्यानं दिलं आणि आलेल्या भाड्यातून परदेशी पिक्चर मराठीत काढायला लागले. म्हणजे चोरून नाय बरं का. रीतसर परवानगी, करार, सेन्सॉरचं सर्टिफिकेट, सगळं. माझा मुलगा म्हणतो, "आई, हा माणूस बर्फ विकायला काश्मीरला निघालाय."

मी एकदा न राहवून विचारलं, "भाई, खपत नाय तर कमी काढा की. शंभर काढा."

"पैली डिस्क महाग, ताई," ते म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पिक्चरवाल्याला पैसे, अक्षरं बसवायचे पैसे, सर्टिफिकेटचे पैसे, कारखान्यात साचा करायचे पैसे. ते सगळं पैल्या डिस्कवर बसतं. दुसरी मग चहाच्या भावात पडते. आणि कारखानेवाला पाचशेच्या खाली हात लावत नाय. साचा तर केलाच ना त्यानं."

मला लगेच समजलं. पुरण शिजवायचं, वाटायचं, तेवढा पसारा एकदा मांडला की पाच पोळ्या करा नाय तर पन्नास. "पण भाई," मी म्हणलं, "पन्नास केल्या तर खायला माणसं लागतात ना."

"हौ," ते म्हणाले. "वहीं पे तो अटका है."

असे तीन पिक्चर त्यांनी काढले. चौथा आला तो हंगेरीचा. आम्ही त्याला बदकाचा पिक्चर म्हणतो. एका खेड्यात दोन बहिणी असतात, शेजारीशेजारी राहतात, आणि एका मोठ्या पांढऱ्या बदकावरून एकमेकींशी बोलणं टाकतात. बस, एवढंच. मुश्ताकभाई मला ही गोष्ट सांगताना उभे राहिले, कुंपण कुठं हाय ते माझ्या ओट्यावर हातानं आखून दाखवलं, आणि बदक कसं चालतं तेही. सत्तरीला आलेला माणूस, दाढी पांढरीफेक, आणि माझ्या स्वयंपाकघरात बदकासारखा चालतोय. माझी सून शीतल पाणी पीत होती, तिला ठसका लागला.

पुण्याच्या, मुंबईच्या, नागपूरच्या काही शौकीन लोकांनी डिस्क मागवल्या. त्यांतल्या एका पुणेकरांचा फोन माझ्यासमोरच आला. ते म्हणाले, तुमची अक्षरं लई मोठी हायत आणि हलतच नाहीत. तिकडं ती बाई चार वाक्यं बोलून मोकळी होते, तुम्ही एकच ओळ दाखवता, तीही वाचून झाली तरी तशीच. पुढच्या खेपेला दुरुस्त करा.

"नाय जमणार," मुश्ताकभाई म्हणाले.

"खर्चाचा प्रश्न असेल तर..."

"खर्चाचा नाय," एवढंच बोलून फोन ठेवला. माणूस गोड, पण अडेल. मी मनात म्हणलं, असं गिऱ्हाईक तोडलं तर डिस्क काय चाटायच्या?

उरलेली खोकी त्यांच्या दिवाणाखाली मावली नाहीत, म्हणून थोडी आमच्या गॅलरीत आली. वर कबुतरं बसायची. नसीमभाभी असत्या तर त्यांनी खोक्यांवर निदान एखादी चादर टाकली असती. पण भाभींना जाऊन दोन वर्षं झालेली. आता भाई एकटेच.

संक्रांत आली. आमच्या गल्लीत हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं यावरून बायांची मोठी चढाओढ असते. स्टीलच्या डब्या झाल्या, प्लास्टिकच्या टोपल्या झाल्या, गाळण्या झाल्या. मला एकदम सुचलं. गॅलरीतली खोकी! भाईंचा माल हलेल, आणि खरं सांगते, डब्यांपेक्षा स्वस्तही पडलं. मी पन्नास मागितल्या तेव्हा मुश्ताकभाई मटकन दिवाणावर बसले.

"पन्नास? ताई, पुना-मुंबई मिळून एवढ्या नाय गेल्या."

ते इतके हरखले की तिळगुळाच्या पुड्या त्यांनी स्वतः प्रत्येक डिस्कला चिकटवल्या. आणि बायांना सांगायला लावलं, ज्यांच्याकडं यंत्र नाय त्यांनी फक्त निरोप द्यावा, प्लेयर घरपोच येईल. त्या दिवसापासून पिशवी त्यांच्या दारातल्या खुंटीवर, वायरी गुंडाळून तयार. संध्याकाळी ते दारातच बसायचे.

निरोप एकीचाही आला नाय. त्यांनीच आपली समजूत घातली. "सगळ्यांकडं प्लेयर दिसतोय. माळ्यावरून काढले असतील."

आता पुढचं लिहिताना माझी मान खाली जातीय.

खोकी हलली तरी कबुतरं काय हलली नव्हती. शीतलनं आपली वाणातली डिस्क काढली, भोकात दोरी ओवली आणि गॅलरीत टांगली. उन्हात ती अशी चमकायला लागली की कबुतरं पार पलीकडच्या टाकीवर. मीच म्हणलं, "पोरगी हुशार गं माझी!" शीतलनं बायांच्या ग्रुपवर फोटो टाकला. आठवड्याभरात गल्लीतल्या गॅलऱ्या, गच्च्या, तुळशीवरच्या जाळ्या, जिकडं तिकडं लखलख. मला ते बघून बरं सुद्धा वाटलं बघा. घर स्वच्छ राहिलं म्हणून.

मग एका सकाळी मुश्ताकभाई मोबाइल घेऊन आले. हंगेरीत एक म्हातारी बाई हाय, तिच्या वडलांनी हा पिक्चर काढलेला. वडील गेले, हक्क हिच्याकडं. भाईंनी तिला कळवलं होतं की आमच्या गल्लीत पन्नास घरांनी पिक्चर घेतला. तिचं उत्तर आलं होतं. भाईंनी मला मराठीतून सांगितलं. ती म्हणत होती, आमच्या गावातही आता हा कोणी बघत नाही. तुमच्याकडच्या बायांना शेवट कसा वाटला? तेवढं कळवा. पुढचा पिक्चर तुम्हाला असाच देईन.

"पुढचा फुकट देतीय, ताई. पैली डिस्क अर्ध्यावर आली समजा! बोला, कसा वाटला शेवट?"

"लई आवडला हो सगळ्यांना," मी म्हणलं.

"पण शेवट?"

"शेवटाला तर... रडल्या बाया."

"रडल्या?" त्यांचा चेहरा असा फुलला की मला खोटं मागं घेता येईना. "थांबा, मीच एकेकीकडं जाऊन विचारतो. तिला नावानिशी कळवतो."

मी अडवायला उठले तोवर ते जिना उतरून गेलेले. मी गॅलरीत गेले. खाली भाई चालत होते, पिशवी काखेत. समोरच्यांच्या घरापाशी थांबले. वर बघितलं. मग बाजूच्या गच्चीकडं. मग हळूहळू मान फिरवत गल्लीच्या टोकापर्यंत. बदक पन्नास घरांत होतं, आणि पन्नासही घरांत दोरीला होतं. शेवटी ते मागं वळले आणि त्यांची नजर माझ्या गॅलरीवर आली. शीतलची डिस्क माझ्या कानापाशीच फिरत होती.

ते परत आले. मला वाटलं, बोलतील, चिडतील. दारातच उभे राहिले.

"कबुतरं थांबली का, ताई?"

"थांबली," मी म्हणलं.

"चला. कामाला तर आला."

आणि आपल्या घरात गेले.

मला जेवण गेलं नाय. सगळ्यांकडून डिस्क परत मागाव्या, तर वाण दिलेलं परत कसं मागणार? आपल्यात ते चालत नाय. शीतल म्हणाली, "आई, आपण मुद्दाम थोडीच केलं." ते खरं होतं, म्हणून तर जास्त लाज वाटत होती. मुद्दाम केलं असतं तर माफी तरी मागता आली असती. आम्ही त्या वस्तूकडं एकदाही बघितलंच नव्हतं.

दुपारी मी आमची डिस्क सोडवली, पदरानं पुसली, आणि त्यांच्या दारात गेले. "भाई, हा लावा. मला बघायचाय."

त्यांनी ती उजेडात धरली. धुळीनं, वाऱ्यानं पार खरवडलेली. "ही नाय लागणार आता," म्हणाले, आणि दिवाणाखालून नवी काढली. खुंटीवरची पिशवी उतरवली. भाभींची वेताची खुर्ची टीव्हीसमोरच होती. मी तिच्यावर बसणार तर ते हळूच म्हणाले, "ताई, इकडं बसा ना, दिवाणावर." मी दिवाणावर बसले.

पिक्चर सुरू झाला. कोबीचं शेत, कुंपण, ते बदक. आणि खाली ही मोठी अक्षरं. मी वाचून मोकळी झाले तरी ओळ तिथंच. पुढची आली, तीही तशीच. पुणेकराचं चूक नव्हतं. मी म्हणलं, "भाई, ही ओळ जात का नाय?"

त्यांनी टीव्हीवरून नजर काढली नाय. "नसीम पिशोरच्या शाळेत चौथीपर्यंत होती. एकेक अक्षर लावून वाचायची. बाकीचे पिक्चर तिच्या वाचण्यावरच बसवले. ती वाचून माझ्याकडं बघायची, मग मी ओळ काढायचो."

"पण हा तर भाभी गेल्यावर केला तुम्ही."

"हौ." ते म्हणाले, "घाई कशाला करायची तिची."

मग मीही एकेक अक्षर लावून वाचायला लागले, ओठांत. तसं वाचलं की ओळ बरोब्बर पुरते. शेवटाला थोरली बहीण कुंपणापाशी येते. इतक्या दिवसांचा अबोला, आता ही काय बोलती म्हणून मी पुढं सरकले. खाली अक्षरं आली: 'ते माझ्याकडं आहे. उपाशी नाही.' धाकटी नुसती उभी. ओळ राहिली. राहिलीच. मी चष्मा काढून डोळे पुसले, परत लावला, तरी होती.

संपल्यावर भाईंनी विचारलं, "तिला काय कळवू?"

"लिहा," मी म्हणलं, "उस्मानपुऱ्यात दोन बायांनी बघितला."

"दोन?"

मी वेताच्या खुर्चीकडं बघितलं. त्यांनीही बघितलं.

"हौ," ते म्हणाले. "दोन." आणि खाली वाकून प्लेयरची वायर गुंडाळायला लागले. एवढीशी वायर, पण त्यांना लई वेळ लागला.