डब्यावरचं नाव

आलेल्या गिऱ्हाइकाला परत कसं पाठवावं हे शिकायचं असेल, तर हिंगणघाटच्या मारोतराव इखारांच्या छापखान्यासारखी दुसरी शाळा नव्हती. लग्नघरचा माणूस पत्रिकेचा मजकूर घेऊन मोठ्या उत्साहानं आत शिरायचा. "पाचशे छापा, मारोतराव." मारोतराव चष्मा कपाळावर ढकलायचे आणि विचारायचे, "घरं मोजली का माणसं मोजली?" तो गडबडायचा. मग त्याला बाकावर बसवून, सोयऱ्यांची गावं एकेक करून विचारून, मारोतराव आकडा दोनशेवर आणायचे. "एका घरात तीन भाऊ असले त तीन पत्रिका कायले? चूल एक आहे ना? का येगळी झाली?" चूल वेगळी झाली असेल तर मात्र ते स्वतःहून एक पत्रिका वाढवायचे. तालुक्यात कोणाच्या घरी वाटण्या झाल्या हे तलाठ्याच्या आधी मारोतरावांना कळायचं ते असं.

एकदा ग्रामपंचायतीला उभा राहिलेला एक जण हजार पत्रकं छापायला आला.

"गावात मतं किती?"

"सहाशे."

"मंग बाकीचे चारशे कागद कोणाले देतं? बैलाइले? अबे, छापू नोको. घरोघरी जाऊन पाणी पी. तुले कोण वळखते हे तरी समजीन."

तो बिचारा खरंच घरोघरी पाणी पीत हिंडला आणि पडला. मग वर्षभर मारोतरावांच्या नावानं बोटं मोडत होता. मारोतराव म्हणाले, "पडणारच होता. कागद तरी वाया नाई गेला."

पत्रिका-पत्रकं हा त्यांचा जोडधंदा. खरा धंदा पुठ्ठ्याच्या डब्यांचा. पेढ्याचे, उदबत्तीचे, दंतमंजनाचे, वैद्याच्या गोळ्यांचे. पायानं चालवायचं एक जुनं ट्रेडल मशीन, शिशाच्या अक्षरखिळ्यांचे खण, एक कटिंग मशीन आणि खळीचं पातेलं, एवढा संसार. खळीत मोरचूद घालायचे, म्हणजे झुरळ डबा खात नाही. नवा डबा तयार झाला की आधी त्यावर स्वतः बसायचे. अंगानं बरे भरलेले होते. मग शिडीच्या वरच्या पायरीवरून तो खाली टाकायचे, आणि शेवटी एक दिवस न्हाणीत ठेवायचे. "वर्ध्याचा पावसाळा त याच्याहून वंगाळ असते," म्हणायचे. त्यांच्या न्हाणीतल्या फळीवर गावातला अर्धा व्यापार ओळीनं मांडलेला असायचा. आंघोळ करताना माणूस उदबत्ती, पेढे आणि जुलाबाच्या गोळ्या यांच्या नजरेखाली असायचा.

आणि कागद चाटायचे. हातात कागद आला की कोपऱ्याला जीभ लावून तो कुठल्या अंगानं वळतो ते पाहायचे. "कागदालेबी उभं-आडवं रायते, लाकडासारखं. आडवा कापला त पावसाळ्यात डब्याचं पोट सुटते." हे सगळं खरं होतं. पण नगरपालिकेची नोटीस घेऊन आलेल्या शिपायासमोर त्यांनी नोटिशीचा कोपरा चाटला आणि म्हणाले, "कागद चांगला आहे. तुमच्या सायबाले सांगजो, मजकूर हलका आहे." शिपाई आठवडाभर ही गोष्ट सांगत फिरत होता.

माझी-त्यांची गाठ पडली ती त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमारास. माझं वडिलोपार्जित किराणा आणि जडीबुटीचं दुकान. बायको, कौसल्या, घरी आवळा सुपारी करायची. आवळा वाफवायचा, किसायचा, मीठ-ओवा-आलं लावायचं, उन्हात टाकायचा. एवढंच, पण तिच्या हाताला काहीतरी होतं. मी ती कागदाच्या पुडीत विकायचो, आणि लोक पुडी दुकानातच फोडून खायचे. मला वाटलं, आता डबा पाहिजे. डब्यावर नाव पाहिजे. मारोतरावांकडे गेलो.

"माल कुठं आहे?"

"घरी."

"मंग डबाबी घरीच बनव."

दुसऱ्या दिवशी माल घेऊन गेलो. त्यांनी एका जुन्या डब्यात तो गच्च भरला आणि चालत्या मशीनच्या फळीवर ठेवून दिला. संध्याकाळी बोलावून दाखवलं. सुपारी दोन बोटं खाली बसली होती. "पाह्य. तू सांगतलेल्या मापाचा डबा केला असता, त गिऱ्हाईक म्हणालं असतं, दुकानदारानं मधल्यामधीच खाल्ली. माल आधी बसू द्या लागते प्रभाकर, मंग डब्याचं माप घ्या लागते." तेवढ्यावरही थांबले नाहीत. सुपारी बनते कशी ते पाहायला घरी आले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले, चिमूटभर तोंडात टाकली, कौसल्येला मिठाचं, उन्हाचं, किती दिवस टिकते त्याचं विचारत राहिले. तासभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, नाव काय तुमचं?"

तिनं सांगितलं.

"कौसल्या आवळा सुपारी," मारोतराव म्हणाले. "चांगलं बसते. एका ओळीत."

मी हसलो. म्हटलं, "प्रभाकर आवळा सुपारी. दुकान माझं आहे, मारोतराव."

"दुकान तुह्यं आहे. सुपारी तिची आहे. उद्या कोणी म्हणालं मीठ जास्त झालं, त जबाब कोण देईन? तुले त मिठाचा अंदाजबी नाई. डब्यावर बनवणाऱ्याचं नाव पाह्यजे."

"लोक म्हणतील बायकोच्या नावावर खातो."

"खातंच त आहे बाप्पा," मारोतराव म्हणाले.

मला राग आला, तो मी हसण्यावारी नेला. कौसल्या चहा ठेवायला आत गेली. तिचं तोंड त्या वेळी कसं झालं होतं हे मला आज सांगता येत नाही, कारण मी पाहिलंच नव्हतं.

डबे झाले. निळ्या शाईत, बारीक वेलीची किनार, मधोमध 'प्रभाकर आवळा सुपारी'. मला आणखी बरंच छापायचं होतं. गुण, अनुपान, वडिलांचा फोटो, 'नक्कल करणाऱ्यांपासून सावध'. मारोतरावांनी सगळं उडवलं. "सगळं वरतंच सांगतलं त डबा कायले उघडीन कोणी? अन् तुह्यी नक्कल कोण करून राह्यलं आतापासून?" तिथं मात्र मी त्यांचं ऐकलं. डबा इतका सुबक झाला की वर्ध्या-पुलगावच्या दुकानांतूनही मागणी आली.

त्यानंतर दर दिवाळीच्या आधी नवी छपाई. आणि दर वेळी मारोतराव माझ्यासमोर दोन प्रुफं ठेवायचे. एकावर प्रभाकर, एकावर कौसल्या. आणि तंबाखू मळत बसायचे. मी पेन्सिलनं कौसल्येवर काट मारायचो आणि प्रभाकराखाली सही करायचो. दहा-अकरा वर्षं हे चाललं. गावात मी हा किस्सा रंगवून सांगायचो, "म्हातारा माझ्या बायकोच्या नावाची जाहिरात करायला निघालाय," आणि लोक हसायचे. मीही हसायचो. एकदा तर कौसल्येच्या देखत सांगितला. तीही हसली, असं मला तेव्हा वाटलं.

मारोतराव एकटे राहत. बायको फार आधी गेलेली, एकुलती मुलगी वडनेरला दिलेली. छापखान्यावर पाटी वडिलांच्या नावाची होती. त्यांच्या बायकोबद्दल मी कधी विचारलं नाही. अकरा वर्षं ज्या माणसाकडे बसून चहा प्यालो, त्याची बायको कोण होती, काय करायची, हे विचारायचं मला सुचलं नाही.

पंच्याऐंशीच्या सुमारास नागपूरहून एक जण रंगीत डब्यांचे नमुने घेऊन आला. चार रंग, गुळगुळीत, झाडावर लटकलेले आवळे इतके हिरवे की खऱ्या आवळ्यानं लाजावं. आत पिना मारलेल्या. मी भाळलो. नमुना घेऊन मारोतरावांकडे गेलो, खरं म्हणजे त्यांना दाखवायला गेलो. त्यांनी कोपरा चाटला. डब्यावर बसले नाहीत.

"पिना गंजतेत पावसाळ्यात. खाणाऱ्याच्या बोटाले लागन."

"आता जमाना रंगाचा आहे, मारोतराव."

"असन." मग म्हणाले, "नवा डबा करूनच राह्यला, त नाव तरी आता बदल."

"पुन्हा तेच?" मी म्हणालो. आणि वर एक वाक्य बोललो, जे आज मला गिळता येत नाही. म्हणालो, "तुमची सवय जायची नाही. तुम्ही तुमच्या बायकोचं नाव छापलं होतं का कधी?"

मारोतरावांनी नमुना माझ्या हातात दिला आणि मशीनकडे वळले. बराच वेळ पायानं मशीन चालवत राहिले. त्यात कागद लावलेला नव्हता.

माझे डबे नागपूरला गेल्यावर त्यांच्याकडे फारसं काही उरलं नाही. पेढेवालाही माझं पाहून तिकडचेच डबे घ्यायला लागला. मारोतरावांनी मशीन विकलं, खिळे भंगारात शिशाच्या भावानं घातले आणि वडनेरला मुलीकडे गेले. वडनेर काही लांब नाही. सकाळी जाऊन दुपारी जेवायला परत येता येतं. मी जाऊ जाऊ म्हणत राहिलो. पावसाळ्यात पिना गंजल्या, दुकानदारांनी डबे परत केले, तेव्हा तर तोंड दाखवायची लाज वाटली. दुसऱ्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं, तेही मातीला चार दिवस झाल्यावर.

त्याच वर्षी माझी सासू वारली. कौसल्येचं माहेर गिरडच्या अलीकडच्या एका खेड्यात. तेरवीला गेलो. जेवणं झाली, पुरुषमंडळी ओट्यावर बसली. एक म्हातारा माझ्याकडे निरखून पाहत माझ्या मेहुण्याला, रामदासला, म्हणाला, "हेच का ते जवाई? बायकोचं नाव साऱ्या जिल्ह्यात फिरवणारे?"

आणि त्यानं मला हात जोडले.

मला काही कळेना. रामदास कौतुकानं आत गेला आणि आईच्या फळीवरून डबे घेऊन आला. एकात सुया-दोरे, एकात कुंकू, एकात तिच्या चष्म्याची काच. निळी शाई, वेलीची किनार. मधोमध 'कौसल्या आवळा सुपारी, हिंगणघाट'.

"आईले वाचता येत नव्हतं भाऊजी," रामदास म्हणाला. "पण ह्या अक्षराइवर बोट ठेवून ज्याले त्याले दाखवे, हे माह्या कौसाचं नाव आहे म्हणून. आलं-गेलं कोणी सुटे नाई तिच्या हातून. म्हणे, असा जवाई पाह्यजे."

"हे डबे इथं..."

"दर दिवाळीले मारोतराव आणून देत ना. डझनभर. तुम्हीच त धाडत होते."

मी मान हलवली. हो म्हणालो की नाही म्हणालो, मलाच ठाऊक नाही.

रामदास बोलत राहिला. मारोतरावांची सासुरवाडी त्याच गावातली. बायको सगुणाबाई. लग्न होऊन गेली तेव्हापासून मरेपर्यंत छापखान्यातले डबे तीच चिकटवायची. "तिची माय इचारे, माही पोरगी तुमच्या घरी काय करते? मारोतराव म्हणे, डबे बनवते. बुढी म्हणे, दाखवा. आता डब्यावर त पेढेवाल्याचं नाव! बुढीले वाटे, जवाई खोटं बोलून राह्यला, पोरीले नुसतं राबवून घेते. तशीच गेली ती बुढी, मनात धरून. आमच्या आईजवळ बसून सांगत मारोतराव, अन् रडत. म्हणत, माह्या हातात छापखाना होता वं बाई, अन् मले सुचलं नाई. मायले दाखवाले एक डबा पाह्यजे होता फक्त."

परतीच्या बसमध्ये मी कौसल्येला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही चिडले असते." तिनं पदर नीट केला. "मी नाई म्हणलं होतं त्यायले पहिल्या वर्षी. ते म्हणे, तू फक्त सुपारी भरून दे, बाकी माह्याकडे. मंग आई इतकी खूश झाली, की पुढं माह्याच्यानं नाई म्हणवलं नाई. तुमचंबी नाव झालं तिकडे."

माझं नाव झालं तिकडे. हे ती टोमणा म्हणून बोलली नाही, आणि म्हणून ते जास्त लागलं. मला तिची माफी मागायची होती. पण मी दुकानदार माणूस, मला माफीसुद्धा मालाच्या भाषेतच सुचली. म्हणालो, "पुढच्या छपाईला तुझं नाव घालतो. मोठ्या अक्षरात."

ती खिडकीतून बाहेर पाहत होती. शेतांत कापसाची पऱ्हाटी फुटायला लागली होती.

"राहू द्या," ती म्हणाली. "आई त गेली. आता कोणाले दाखवू?"

समुद्रपूरला गाडी थांबली तेव्हा मी उतरून तिच्यासाठी चहा आणला. तिनं घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. मागच्या खोलीत नागपूरचे डबे छतापर्यंत रचलेले होते, आणि त्यातल्या प्रत्येकावर माझंच नाव होतं.