राऊतांची सासुरवाडी

आमच्या बोईसरच्या कारखान्यातले बॉयलर अटेंडंट प्रभाकर राऊत दर रविवारी सातपाटीला जाऊन बर्फावर बसत. भर मे महिन्यातसुद्धा. अंगात दोन स्वेटर, डोक्याला माकडटोपी, हातात लोकरीचे मोजे. गाडीने पालघर, पुढे एस.टी.ने सातपाटी, तिथे मासळीसाठी बर्फ करणाऱ्या कारखान्यात एका लादीवर गोणपाट टाकायचं आणि तासभर बसायचं. सहा दिवस भट्टीपुढे, सातवा बर्फावर.

"सवय करतोय, बाई," ते मला म्हणत. "सवयीनं मानसाला सगळं जमतं." चहात साखर कमी पडली, नव्या चपला चावल्या, तरी राऊतांचा सल्ला एकच. सवय करा.

ही सवय फिनलंडची होती. ऐंशीच्या सुमारास आमचा नवा बॉयलर बसवायला तिकडून हेलेना नावाची इंजिनियर आली आणि चार-पाच महिने राहिली. राऊतांचं इंग्रजी तेव्हा 'प्रेशर', 'व्हॉल्व्ह' आणि 'ओके' एवढंच. तेवढ्यात लग्न ठरलं. याहून कमी बोलून संसार करणारी माणसं मी पाहिली आहेत.

मी टाइम ऑफिसात. कोणतंही काम मुद्दे काढल्याशिवाय मला सुचत नाही, म्हणून राऊत माझ्याकडे आले. चार ठिकाणी चौकशी करून मी त्यांच्यापुढे तीन मार्ग मांडले. हेलेनाने महिनाभर इथे येऊन राहायचं, नोटीस लावून नोंदणीचं लग्न करायचं, मग राऊतांनी नवरा म्हणून तिकडचा परवाना मागायचा. किंवा लग्न करून तिनेच इथे राहायचं आणि मुदत वाढवून घेत जायची. तिसरा, राऊतांनी पाहुण्याचा व्हिसा काढून जायचं आणि तिकडे लग्न करायचं. "पण पाहुणा परत येणार, हे त्यांना पटावं लागतं," मी बजावलं. "हा मार्ग सोडा."

राऊतांनी नेमका तोच धरला.

"तिला परत या उन्हात कशाला आणायची? एप्रिलात पाठभर घामोळं उठलं व्हतं. ओला टॉवेल घेऊन काम करायची बिचारी."

दिल्लीच्या वकिलातीत थंडीबद्दल विचारतील म्हणून राऊत पूर्ण तयारीत गेले. साहेबाने विचारलं, परत कधी येणार?

"आता कशाला येतोय," राऊत म्हणाले. "सवय झाली." बर्फाच्या कारखान्याची हकिगतही त्यांनी साहेबाला सांगितली.

व्हिसा नाकारला.

"पहिला मार्ग अजून मोकळा आहे," मी म्हटलं. "एका महिन्याचा प्रश्न आहे. बोलवा तिला. डिसेंबरात बोलवा."

"आपली थंडी म्हंजे तिचा उन्हाळा, बाई. आन् एकदा लगीन झालं की मला परवाना मिळंपर्यंत ती हलायची नाय इथून. मी वळखतो तिला. बगू."

डिसेंबर आला नि गेला. असे बरेच गेले. दर वेळी मी आठवण करून द्यायची आणि राऊतांनी "बगू" म्हणायचं. केळव्याला त्यांची आई सुनेचं तोंड न बघताच गेली. रविवार मात्र चुकला नाही.

पुढे एका मेमध्ये पुतणीच्या लग्नासाठी बर्फ आणायला मी सातपाटीला गेले. बोईसरहून आले म्हटल्यावर दारावरचा माणूस हसला. "तुमचे राऊत ना? जावयबुवा आतच हायेत. सासुरवाडीला."

राऊत लादीवर बसले होते. माकडटोपीखाली कल्ले पांढरे झालेले.

"आता कसली सवय करताय?" मी विचारलं.

त्यांनी एका हाताचा मोजा काढला. मग म्हणाले, "हेलेनाचा फोन आला व्हता. तिच्या घरामागं वाफ घ्यायची लाकडी खोली हाय. दर शनवारी बसते. पैली जरा वेळ बसायची, आता लई वेळ बसते. मी म्हटलं, कशाला? तर म्हनाली, सवय करते. बोईसरची."

बर्फवाला लाद्या मोजून घ्या म्हणत होता. मी त्याला हातानेच थांबवलं.

"राऊत, मग तिला एकदा 'ये' म्हणा ना. आता काय अडलंय?"

त्यांनी टोपी कानांवर ओढली. गोणपाटाची दुमडलेली कड सरळ केली.

"नको, बाई. घामोळं उठतं तिला."